मामंजी, आत्याबाई आणि शेजारचे गाव

(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची लिखित प्रत)



शाळेच्या हीरकमहोत्सवात ‘समाजाचा अभ्यास कसा करावा’ हा विषय काहीसा रूक्ष वाटण्याचा संभव आहे. मराठी भाषेच्या थोरवीवर बोलावे, असे सुचवणारेही काही जण होते. तो विषय मी मुद्दाम टाळला. दिल्लीत मराठी सभा भरली की थोरवीचे भाषण होतेच, आणि अटकेपारचे झेंडेही फडकतातच. आपण ज्यांच्यात राहतो त्या माणसांकडे आपण कधी नीट पाहिले आहे काय, आणि स्वतःकडे तरी पाहिले आहे काय, हा प्रश्न मात्र त्या भाषणांत सहसा येत नाही. आज त्याविषयी बोलावे असे मनात आहे.

एका शब्दापासून आरंभ करतो. तो शब्द म्हणजे ‘मामंजी’. येथे बसलेल्या तरुण मंडळींपैकी किती जणांनी तो घरात ऐकला असेल, सांगता येत नाही; परंतु त्यांच्या आज्यांना तो खासच ठाऊक असेल. सून सासऱ्याला मामंजी म्हणे आणि सासूला आत्याबाई. नवऱ्याचा बाप हा मामा कसा, आणि नवऱ्याची आई ही आत्या कशी? ही केवळ आदराची संबोधने आहेत असे म्हटले की प्रश्न मिटतो. अभ्यासकाने मात्र तो मिटू देऊ नये. सासू जर आत्या असेल, तर मुलीचे लग्न आतेभावाशी झालेले असले पाहिजे. म्हणजेच मुलाने मामाची मुलगी केलेली असली पाहिजे. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क ही कल्पना महाराष्ट्रातील अनेक जातींत आजही अपरिचित नाही. येथपर्यंत शब्द आणि रीत यांचा मेळ बसतो. परंतु सासरा जर मामा असेल, तर मुलीचे लग्न मामेभावाशी झाले, म्हणजे मुलाने आत्याची मुलगी केली, असा अर्थ होतो. आणि ही दुसरी रीत आपल्याकडील बऱ्याच जातींना मान्य नाही. भाषेत दोन दारे उघडी आणि व्यवहारात एकच, असा हा प्रकार आहे. मौज पुढेच आहे. ज्या कोकणस्थ घरांत मामाच्या मुलीशीही विवाह करीत नाहीत, त्या घरांतील सुनाही मामंजी आणि आत्याबाईच म्हणत आल्या. मग शब्द रीतीच्या मागून चालतो, की रीत सुटल्यावरही तो मागे उरतो, की शेजाऱ्याकडून उसना येतो? घरात बसून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या जातींच्या, वेगवेगळ्या प्रांतांतील माणसांकडे जावे लागते, त्यांच्या ओसरीवर बसावे लागते, कोण कोणाला काय म्हणतो आणि कोणापुढे डोक्यावरून पदर घेतो, हे पाहावे लागते.

हे काम आपल्यापैकी एका बाईंनी केले. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. शिक्षण पुण्यात, आणि नंतर मुंबईस घुर्ये यांच्या हाताखाली. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. ‘युगान्त’मुळे त्या घराघरांत पोचल्या आणि त्यामुळेच त्यांचे दुसरे काम काहीसे झाकले गेले, असे मला नेहमी वाटते. १९५३ साली भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग कल्पिले, आणि प्रत्येक विभागातील नात्यांचे शब्द व विवाहाचे नियम एकमेकांशेजारी मांडले. महाराष्ट्र त्यांनी मध्य विभागात ठेवला: भाषा उत्तरेच्या कुळातील, लग्नाच्या चालीरीती मात्र दक्षिणेकडे झुकलेल्या. मामंजींचे कोडे या सरहद्दीवर राहणाऱ्यांचे कोडे आहे.

आता दिल्लीच्या वेशीवर या. सोनीपत, झज्जर, रोहतक, कोणत्याही दिशेला तासभर गेले की दुसरा नियम लागू होतो. तेथे गावातील मुलगी साऱ्या गावाची बहीण असते. वधू परगावाहूनच आणावयाची; स्वतःचे गोत्र वर्ज्य, आईचे वर्ज्य, पुष्कळ ठिकाणी आजीचेही वर्ज्य; लगतची गावे भाईचाऱ्याची म्हणून तीही वर्ज्य. लेकीच्या सासरच्या गावी जुनी माणसे पाणीसुद्धा पीत नसत. अशा घरातल्या शेजारणीला आपल्याकडील एखादी बाई सहज सांगून जाते की आमची सून म्हणजे माझ्या भावाचीच मुलगी. ऐकणारीचा चेहरा पाहण्याजोगा होतो. तिला त्यात भावाबहिणीचे लग्न दिसते. उलटपक्षी, वीस-पंचवीस गावे सोयरिकीसाठी बंद आहेत हे ऐकून आपल्याला त्या लोकांची कीव येते. दोघीही सुशिक्षित, दोघीही सज्जन, आणि दोघींनाही आपली रीत म्हणजे निसर्गनियम वाटतो. क्षेत्रकार्याचा आरंभ या ठिकाणी होतो. पहिला धक्का बसल्यावर, छे, भलतेच, असे न म्हणता, हे असे का, हे विचारण्याइतका धीर धरावा लागतो.

हा धीर म्हणजे मूकसंमती नव्हे, हेही लगेच सांगितले पाहिजे. २००७ साली हरियाणातील कैथल जिल्ह्यात एकाच गोत्रातील तरुण-तरुणीने विवाह केला म्हणून मुलीच्या नातलगांनी दोघांना ठार मारले, आणि २०१० साली कर्नालच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. भाईचाऱ्याचा नियम समजून घेतला म्हणून हा खून सौम्य ठरत नाही. उलट, त्या मुलीला गावात पाठीशी घालणारे कोणीच का उरले नाही, हे नियमाची वीण ठाऊक असणाऱ्यालाच अधिक स्पष्ट दिसते. तिच्या बाजूने बोलणारे गावाबाहेर होते. गावातल्यांना बोलण्याची किंमत ठाऊक होती.

दिल्लीच्या आसपासच्या गावांचा अभ्यास करावयास परदेशी पंडित आले, आपण मात्र फारसे गेलो नाही, ही खंत मला वाटते. फोर्ड फाउंडेशनचे सल्लागार म्हणून नियोजन आयोगाकडे आलेले ऑस्कर लुईस हे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ १९५२-५३ च्या सुमारास दिल्लीच्या पश्चिमेकडील एका जाटबहुल गावात काम करीत होते. दीडशे घरांचे ते गाव. त्याआधी लुईस यांनी मेक्सिकोतील एका खेड्याचा अभ्यास केला होता. तेथे बहुतेक लग्ने गावातल्या गावात होत. येथे सुना आल्या त्या गावांची आणि लेकी गेल्या त्या गावांची गणती केली, तर सोयरिकीचे धागे चारशेहून अधिक गावांपर्यंत पोचलेले आढळले. खेडे म्हणजे आपल्यातच मिटलेले स्वयंपूर्ण डबके, ही शाळेच्या पुस्तकांतून रुजलेली कल्पना एवढ्या एका मोजणीने डळमळते. त्या गावची कधी दिल्लीही न पाहिलेली म्हातारी पन्नास कोसांवरच्या गावची बित्तंबातमी सांगू शकते, कारण ते तिचे माहेर असते.

लुईस यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात गावाला ‘रामपूर’ असे टोपणनाव दिले. गावचे खरे नाव राणीखेडा, हे अभ्यासकांना ठाऊक होतेच. स्टॅन्ली आणि रूथ फ्रीड या दांपत्याने १९५७ ते ५९ या काळात दिल्लीजवळच्या ज्या गावात काम केले आणि वीस वर्षांनी पुन्हा जाऊन बदल टिपले, त्याला त्यांनी ‘शांतिनगर’ म्हटले. एम. एस. ए. राव यांनी दिल्लीच्या कडेला शहरात विरघळत चाललेल्या एका गावावर १९७० साली पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचे ‘यादवपूर’. म्हणजे या शहराभोवती नकाशात न सापडणाऱ्या गावांची एक मालिकाच आहे. टोपणनाव कशासाठी? ज्यांनी विश्वासाने भांडणे, देणी, लग्ने मोडल्याच्या कथा सांगितल्या, त्यांना उद्या त्याची झळ पोचू नये म्हणून. हे कवच पातळ असते. गावकऱ्यांनी पुस्तक वाचले तर कोण कोण ते त्यांना पहिल्या पानावरच कळते. त्या काळी पुस्तक गावात पोचत नसे, एवढाच आधार. आता पोचते.

इरावतीबाईंकडे परत येतो, कारण त्यांच्या आयुष्यात या विद्येची काळी बाजूही दिसते. १९२८ च्या सुमारास त्या बर्लिनला गेल्या आणि कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली प्रबंधाला लागल्या. मानवी कवटीची उजवी-डावी बाजू सारखी नसते. ही असमानता वंशागणिक बदलते आणि त्यावरून गोऱ्यांची बौद्धिक श्रेष्ठता दिसून येते, अशी फिशर यांची अटकळ होती. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. काही जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्या होत्या. कोणाच्या होत्या आणि कशा आल्या, याचा विचार केला तर अंगावर काटा येतो. असमानता आढळली, परंतु तिचा वंशाशी संबंध आढळला नाही, आणि बाईंनी तसेच लिहिले. पुढे फिशर यांचे विचार नाझींच्या वंशधोरणाला कोणत्या उपयोगी पडले, हे आपण जाणतो. विशीतल्या एका परक्या विद्यार्थिनीने मार्गदर्शकाच्या अटकळीविरुद्ध मोजमाप ठेवणे ही लहान गोष्ट नव्हती.

तरीही त्या मोजण्याचे साहित्य घेऊनच परत आल्या, आणि पुढे अनेक वर्षे महाराष्ट्रातील जातीजमातींची डोकी, नाके, उंची मोजत हिंडल्या. हे मला सर्वस्वी पटत नाही, आणि आजच्या अभ्यासकांनाही पटत नाही. परंतु त्या मोजण्याच्या निमित्ताने त्या ज्या खेड्यांत गेल्या, तेथे त्यांनी जे पाहिले ते मोजमापांहून मोलाचे आहे. कुंभारांचेच घ्या. बाहेरून पाहणाऱ्याला कुंभार ही एक जात. जवळून पाहिले तर थोरचाके कुंभार निराळे, लहानचाके निराळे, हातघडे निराळे. चाक निराळे, काम करण्याची ढब निराळी, आणि रोटीबेटी व्यवहार नाही. एका जातीचे फुटून तुकडे झाले, असे त्यांचे गुरू घुर्ये मानीत. बाईंनी उलट मांडले: मुळात निरनिराळे असलेले गट एकच धंदा करतात म्हणून आपण त्यांना एका नावाखाली बांधतो. कोण बरोबर, हा वाद पंडितांनी चालू ठेवावा. माझ्या दृष्टीने महत्त्व याला, की हा वाद कुंभाराच्या चाकाजवळ जाऊन उभा राहिल्याविना सुरूच झाला नसता.

पंढरीच्या वाटेवर त्या वारकऱ्यांबरोबर चालल्या आणि त्यावर ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. तो जाणकारांना इतका मोलाचा वाटला की १९६२ साली त्याचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेतील आशियाविषयक नियतकालिकाने छापले. वारीवर भक्तिभावाने लिहिणारे पुष्कळ आहेत. बाईंना भक्तीबरोबर हेही दिसले की दिंडीत अभंग एकत्र म्हणणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा मंडळींच्या पंगती मुक्कामावर वेगळ्या बसतात. त्यांनी ते लपविले नाही, आणि त्यामुळे वारीचे मोलही कमी लेखले नाही. ज्या भूमीचे लोक पंढरीला जातात ती महाराष्ट्र, अशी व्याख्या त्याच लेखात त्यांनी सुचविली. प्रेम आणि डोळस पाहणी एका लेखणीत नांदू शकतात, याचे इतके चांगले उदाहरण मराठीत दुसरे मला आठवत नाही. आयुष्याच्या अखेरीस जाई निंबकरांसह त्यांनी कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली. ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. धरणात गाव गेले की सरकारी कागदावर घर आणि जमीन यांची मोजदाद होते. गावदेवी, सोयरिकीची गावे, अडीअडचणीला दाणे उसने देणारे घर यांचा रकाना त्या कागदावर नसतो.

या विद्येला नाव काय द्यावे, याविषयी आपल्याकडे गोंधळ आहे. ‘एथ्नोग्राफी’ला कोशात ‘मानवजातिवर्णन’, ‘वांशिकवर्णन’ असे शब्द सापडतात. त्यांतील वंश आणि जात हे शब्दच इतके जड आहेत की विद्यार्थी बिचकतो. मी आपले ‘क्षेत्रकार्य’ म्हणतो. शब्द नसतानाही काम झालेले आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ प्रसिद्ध केला. सरकारी महसुली नोकरीत गावोगाव हिंडताना बलुतेदार, फिरस्ते, पाटील-कुलकर्णी यांचे व्यवहार त्यांनी टिपून ठेवले होते. न्यायखात्यातून निवृत्त झालेल्या नारायण गोविंद चापेकरांनी आपल्याच बदलापूर गावाची पाहणी करून १९३३ साली ग्रंथ सिद्ध केला. पाश्चात्य मानवशास्त्रज्ञ दूरच्या बेटांवर तंबू ठोकत होते, त्या सुमारास एक मराठी गृहस्थ आपल्याच आळीत वही घेऊन फिरत होता. आत्र्यांचा अधिकाऱ्याचा सूर आज कानाला बोचतो, विशेषतः फिरस्त्यांविषयी लिहिताना. वाचावे, पण तो सूर ओळखून वाचावे.

दूरच्या बेटांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. ट्रोब्रियांड बेटांवर पहिल्या महायुद्धाच्या काळात राहून ज्यांनी या पद्धतीचा पाया घातला, त्या मालिनोव्हस्कींची खासगी रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर, १९६७ साली, छापली गेली. ज्या लोकांच्या जीवनाचे त्यांनी सहानुभूतीने वर्णन केले, त्यांच्याविषयी रोजनिशीत चीड आणि तुच्छता आढळली, आणि मोठी खळबळ उडाली. मला त्यात धक्कादायक काही वाटत नाही. परक्या घरी महिनोन्महिने राहणारा माणूस चिडतो. ती चीड कोठे ठेवावयाची, हा प्रश्न आहे. दिल्ली विद्यापीठात १९५९ साली समाजशास्त्र विभाग सुरू करणारे एम. एन. श्रीनिवास यांचे उदाहरण याहून निराळे. १९४८ साली म्हैसूरकडील एका गावात त्यांनी काम केले. १९७० साली अमेरिकेत त्यांच्या टिपणांच्या सर्व प्रती आगीत जळाल्या, आणि त्यांनी केवळ स्मरणावर विसंबून १९७६ साली त्या गावावरचे पुस्तक पुरे केले. टिपणे जळली तरी माणसे राहिली. अर्थात विद्यार्थ्यांनी हे टिपणे न ठेवण्याचे निमित्त करू नये.

आता आपल्या अंगणात येऊ. करोलबागेत आणि चांदणी चौकातील कूचा महाजनीच्या परिसरात सोने-चांदी गाळण्याचा, शुद्ध करण्याचा व्यवसाय करणारी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. खानापूर, आटपाडी, विटा या सांगली जिल्ह्यातील अवर्षणप्रवण पट्ट्यातून गलाई कारागीर देशभर पसरले. दिल्लीच्या मराठी इतिहासात मंत्री, सचिव, सेनाधिकारी, प्राध्यापक यांची नावे असतात. हे नाव फार उशिरा आणि ओझरते येते. भट्टीजवळ काम शिकणारा मुलगा गावाहून कोणाच्या शब्दावर आला? ॲसिडच्या वाफेत दिवस काढणाऱ्यांच्या छातीचे पुढे काय होते? दुकान येथे आणि घर-शेत तेथे, मग यात्रेला जाणे चुकले तर गावात काय म्हणतात? त्या घरांतल्या बायकांना दिल्ली किती दिसते? सोयरीक अजून तालुक्यातच होते काय, आणि तेथे मामाची मुलगी अजून मागितली जाते काय? या एकाही प्रश्नाचे उत्तर मी गृहीत धरणार नाही. तुमच्यापैकी काहींच्या घरी ती उत्तरे जेवणाच्या ताटावर बोलली जातात.

दुसरे उदाहरण पानिपतचे. १४ जानेवारी १७६१ नंतर तेथेच राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज आहोत, असे हरियाणातील रोड समाजातील बरेच लोक सांगतात. इतिहासकारांत याविषयी एकमत नाही. महाराष्ट्रातून येणारे पाहुणे त्यांना कडकडून भेटतात, छायाचित्रे काढतात आणि परत जातात. क्षेत्रकार्य करणारा तेथे जरा रेंगाळेल. ही ओळख आजोबा सांगत होते की अलीकडे ठळक झाली? ती सांगितल्याने शेजारच्या जातींत स्थान बदलते काय? बायकाही ती सांगतात काय? वंशावळ खरी की खोटी याचा निकाल कागदपत्रांवर लागेल तेव्हा लागो. दोनशे साठ वर्षांनंतर माणसांना पराभूत सैन्याशी नाते सांगावेसे वाटते, ही वस्तुस्थिती आज डोळ्यांसमोर आहे आणि तीही अभ्यासाला पुरेशी आहे.

आणि ही शाळा? परप्रांतातील मराठी शाळांना मुले मिळत नाहीत, पालकांना इंग्रजीची ओढ आहे, असे आपण सभांतून म्हणतो आणि उसासा टाकतो. पालकांना कोणी विचारले आहे काय? ज्यांनी मुलाला येथे घातले त्यांना, आणि मुख्य म्हणजे ज्यांनी घातले नाही किंवा मधूनच काढून घेतले त्यांना? शाळेच्या दप्तरात दाखल-खारीज नोंदवह्या आहेत. पालकाचा व्यवसाय, राहण्याचे ठिकाण, जन्मगाव, शाळा सोडल्याचे कारण हे रकाने भरलेले असतील. कारणाच्या रकान्यात बहुधा ‘बदली’ असा एकच शब्द वारंवार आढळेल. त्या शब्दामागे सरकारी बदली किती, नोकरी सुटणे किती, फी न परवडणे किती, वर्गात मुलाच्या बोलीला हसले गेल्याने झालेले रुसणे किती, हे नोंदवही सांगणार नाही. सांगणारी माणसे अजून आहेत. पुढच्या महोत्सवाला सगळी असणार नाहीत. वर्गात कोणाची बोली शुद्ध मानली गेली आणि कोणाची दुरुस्त केली गेली, याची उत्तरे कदाचित आपल्याला रुचणार नाहीत. गौरवग्रंथात ती छापण्याची तयारी आहे काय, हे चालकांनी आधी ठरवावे. मुलांना प्रश्न घेऊन पाठवावयाचे आणि आलेली उत्तरे मागाहून गाळावयाची, हे बरे नव्हे.

शिक्षकांना एकदोन सूचना करून आवरते घेतो. जातीविषयीची, उत्पन्नाविषयीची प्रश्नावली वर्गात वाटून मुलांकडून उघडपणे भरून घेण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो करू नये. एका तासात तो एखाद्या मुलाला वर्षभरासाठी एकटे पाडतो. प्रश्न थोडे असावेत आणि बसणे लांब असावे. समोरच्याने नाही म्हटले तर वही मिटावी. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला तिच्या आयुष्याविषयी विचारताना, तिला नाही म्हणणे खरोखर शक्य आहे काय, हे आधी स्वतःला विचारावे. जे लिहिले ते त्या माणसाला वाचून दाखवावे. वाचता येत असेल तर त्याच्या हाती द्यावे. तो खोडील ते खोडावे, बदलावयास सांगेल ते नाव बदलावे.

येत्या उन्हाळ्याच्या सुटीत नववीच्या मुलामुलींनी दोन-दोनच्या जोडीने एकेका माजी विद्यार्थ्याकडे आणि एकेका अशा घरी जावे, जेथील मूल ही शाळा सोडून गेले. शाळेचे दार सकाळी उघडणारे आणि रात्री लावणारे जे आहेत, त्यांच्यापासून आरंभ केला तरी चालेल. या इमारतीची साठ वर्षे त्यांच्याइतकी जवळून क्वचितच कोणी पाहिली असतील. प्रत्येक हकीकतीच्या दोन प्रती कराव्या. एक शाळेच्या ग्रंथालयात कुलपात राहील. दुसरी ज्याची हकीकत आहे त्याच्या घरी पोचती करावी, आणि ती पोचल्यावरच काम पुरे झाले असे धरावे.